उताणी, उशीशिवाय

तोंग फंगचिनचं लग्न तिच्या डोक्यामुळे जमलं, असं तिचा नवरा देशान जन्मभर सांगत आला. डोक्यामुळे म्हणजे अकलेमुळे नव्हे, आकारामुळे. होणारी सासू मुलगी बघायला आली, गरम पाणी प्यायली, भोपळ्याच्या बिया सोलत इकडचं तिकडचं बोलली आणि निघताना वेणी सारखी करायच्या निमित्तानं तिनं फंगचिनच्या डोक्यामागून तळहात फिरवला. मानेपासून टाळूपर्यंत डोकं फळीसारखं सरळ होतं. "आईनं पोर नीट झोपवलीय," एवढंच ती बोलली आणि लग्न ठरलं.

चिलिनच्या डोंगराकडच्या गावांत तेव्हा हीच रीत होती. पोर जन्मलं की उताणं झोपवायचं, डोक्याखाली राळ्याच्या बारीक दाण्यांनी गच्च भरलेली छोटी उशी द्यायची, हातपाय सरळ करून कापडानं बांधायचे आणि आढ्याला टांगलेल्या पाळण्यात ठेवायचं. महिनाभरात डोकं मागून सपाट होई. टोपी नीट बसे, चेहरा रुंद दिसे. ज्याचं डोकं मागे गोल राहिलं त्याच्या आईला शेजारणी विचारत, काय गं, पोराला वाऱ्यावर सोडलं होतंस का?

फंगचिनला मुलगा झाला तो वसंतात, म्हणून त्याचं नाव छुनयांग ठेवलं. सासूनं माळ्यावरून पाळणा काढला. पातळ लाकडाचा, लांबट, तांबडा रंग जागोजाग उडालेला. देशान त्यातच वाढला होता. फंगचिनला पाळण्याचं वावडं नव्हतं, पण शेतातून थकून आलं की उठून पोर काढा, पाजा, पुन्हा बांधून ठेवा, याचा तिला कंटाळा येई. एका दुपारी ती कांगवर, म्हणजे चुलीच्या धगीनं तापणाऱ्या त्या विटांच्या ओट्यावर आडवी झाली, पोराला कुशीत घेऊन पाजता पाजता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा कूस रिकामी होती. पोर पाळण्यात होतं आणि सासू पाळण्याची दोरी धरून बसली होती.

सासू रागावली असेल असं फंगचिनला वाटलं. पण ती रागावलेली दिसेना. तिनं पाळण्यात हात घालून दोन बोटं पोराच्या नाकाखाली धरली, मग हात काढून मांडीवर ठेवला.

"देशानच्या आधी मला एक मुलगी झाली होती," ती म्हणाली. "थंडी मोठी होती त्या वर्षी. घरातली सगळी एका ओळीत कांगवर. सकाळी उठलो तर ती गेलेली. गोधडी कुणाची होती, हात कुणाचा होता, कुणालाच कळलं नाही. कुणी विचारलंही नाही. माझी आई बैलगाडीत घालून हा पाळणा घेऊन आली. म्हणाली, यापुढं पोर माणसांत झोपवायचं नाही."

पुढे सासूनं त्या मुलीचं नाव कधी काढलं नाही आणि फंगचिननंही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून पाळणा हा तिला कंटाळ्याचा विषय राहिला नाही.

छुनयांगचं डोकं सुरेख सपाट झालं. त्याची उशी फंगचिननं स्वतः शिवली होती, आणि ती बघून शेजारणीनं तिच्या नातवासाठी एक मागितली. मग दुसरीनं मागितली. फंगचिन आणि देशान गावात टोफू करायचे. पहाटे सोयाबीन दळायचं, दुपारपर्यंत सगळं विकून व्हायचं, मग ती शिवायला बसायची. राळा उन्हात घालायचा, कोरड्या कढईत परतायचा, निवला की लाल कापडात भरायचा. फार गच्च भरला तर पोर रडतं, सैल भरला तर डोकं एका बाजूला कलंडतं. तिच्या हाताला ते माप बसलं होतं. गावात कुठल्याही घरात दिवस गेले की बातमी आधी फंगचिनकडे यायची, कारण उशी तिच्याकडूनच घ्यायची असं ठरून गेलं होतं. बदल्यात कुणी अंडी द्यायचं, कुणी वाळवलेल्या अळंब्या. सासू गेली, पाळणे मागे पडले, पोरं मोठी होऊन शहरात गेली, तरी उशा चालूच राहिल्या.

छुनयांगही शहरात गेला. चिलिन शहरात, घरं उबदार ठेवायला घरोघरी नळ्यांतून गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरवर त्याला नोकरी लागली आणि मोबाइलच्या दुकानात काम करणाऱ्या वेनजिंगशी त्यानं लग्न केलं. हिवाळ्याच्या ऐन भरात त्यांना मुलगी झाली. लाडाचं नाव तांगतांग, म्हणजे साखर. फंगचिन बाळंतिणीचा महिना करायला निघाली. टोपलीत अंडी, राळा, काळा गूळ, डुकराचे पाय आणि सगळ्यांत वर एक नवी लाल उशी.

सून आणि सासू एकमेकींशी चांगल्या होत्या, पण लांबून. सणावारी भेट, फोनवर ख्यालीखुशाली. आता एका छोट्या घरात चोवीस तास. पहिल्याच दिवशी उशी बाहेर आली आणि वेनजिंगचा चेहरा बदलला.

"आई, उशी राहू दे," ती म्हणाली. "मी तिला पालथी झोपवणार आहे."

फंगचिनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पालथं कोण झोपवतं पोराला? वेनजिंगनं मोबाइलवर फोटो दाखवले. तिच्यासारख्याच नव्या आयांचा एक गट होता, तिथं सगळ्या म्हणत होत्या की पालथं झोपवलं की डोकं मागून छान गोल होतं, चेहरा लहान, नाजूक दिसतो. कुणाच्या मुलाचं डोकं अंड्यासारखं, कुणाचं चेंडूसारखं.

"चेंडू कशाला हवाय?" फंगचिन म्हणाली. "माणसाचं डोकं आहे."

"माझ्याकडे बघा," वेनजिंगनं मान वळवली. केस खाली दाबले. तिचंही डोकं मागून सपाट होतं, तिच्या आजीनं जाडजूड पुस्तक डोक्याखाली ठेवून केलेलं. "शाळेत मला मुलं तवा म्हणायची. आजपर्यंत एकदाही केस घट्ट बांधून बाहेर पडले नाही मी. रोज सकाळी आधी केस फुगवायचे, मग दुसरं काम."

फंगचिनचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यामागे गेला. ज्या डोक्यावर तिचं लग्न ठरलं, ते या पोरीच्या लेखी तवा होतं.

छुनयांगनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि बॉयलरवर लवकर बोलावलंय असं सांगून तो निघून गेला. संध्याकाळी वेनजिंगच्या आईचा फोन आला, तिनं तिसराच तोडगा काढला: कुशीवर झोपवा, म्हणजे कुणाचंच मन मोडणार नाही. जशी काही पोरगी वाटणीला निघाली होती.

त्यानंतर घरात एक न बोललेली ओढाताण सुरू झाली. फंगचिन बाळाला दुपट्यात गुंडाळायची, हात अंगाशी सरळ, वरून फीत, पाय घट्ट, आणि मोठ्या पलंगावर उशीवर उताणं ठेवायची. घरात गरम पाण्याच्या नळ्या इतक्या तापलेल्या असायच्या की माणसं अर्ध्या बाह्यांत वावरत, तरी ती वर कापसाची रजई घालायची, कारण हिवाळा तो हिवाळा. तिची पाठ वळली की वेनजिंग उशी काढून टाकायची आणि बाळाला पालथं करायची. फंगचिन परत आली की बाळ उताणं, उशी डोक्याखाली. तोंडानं दोघी गोड. "आई, सूप छान झालंय." "पी गं, दूध येईल."

एके सकाळी फंगचिन बाजारात ताजा मासा आणायला गेली. माशाच्या सूपनं दूध वाढतं म्हणून तिला जिवंत मासाच हवा होता, आणि तो मिळेपर्यंत वेळ लागला. परत आली तेव्हा घरात कुणाची चाहूल नव्हती, फक्त न्हाणीघरातून पाण्याचा आवाज. बाळंतिणीनं महिनाभर केस धुवायचे नाहीत असा फंगचिनचा दंडक होता, आणि सून कडी लावून नेमकं तेच करत होती. फंगचिनला हसू आलं. पिशवी ठेवून ती बाळ बघायला आत गेली.

बाळ पालथं होतं. मऊ रजईची घडी अंथरलेली, त्यात चेहरा पुरता रुतलेला. अंगाला घट्ट दुपटं. रडणं नव्हतं. फक्त एक बारीक, दबलेली कुईकुई, कुत्र्याच्या पिल्लासारखी, आणि डोकं उचलायची धडपड, जी जागच्या जागी संपत होती.

फंगचिननं तिला उचललं. नाक दबून पांढरं झालं होतं, कपाळ घामानं ओलं, गाल लालभडक. क्षणभर काहीच झालं नाही, मग तांगतांगनं तोंड उघडून असा टाहो फोडला की न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. वेनजिंग ओल्या केसांनी धावत आली. फंगचिन पलंगाच्या कडेवर बसली होती, बाळ छातीशी. तिची दोन बोटं बाळाच्या नाकाखाली होती आणि ती काढायला ती तयार नव्हती.

"पाच मिनिटंच गेले होते," वेनजिंग म्हणाली.

दिवसभर फंगचिन सुनेशी बोलली नाही. मासा पिशवीत तडफडून शांत झाला, सूप झालं, वाटी खोलीच्या दाराशी ठेवली गेली. रात्री छुनयांगला बायकोनं रडत सगळं सांगितलं, आईनं फक्त एवढंच सांगितलं की ती पोरीला घेऊन गावी जाईल. तो म्हणाला, दूध कोण पाजणार, तू?

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या दवाखान्याची परिचारिका घरी आली. बाळंतपणानंतर ती प्रत्येक घरी येतेच. नाव मियाओ, चाळिशीची, दारात बूट झटकताना धापा टाकत होती. तिनं बाळाचं वजन केलं, बेंबी बघितली आणि मग सहज विचारलं की ही झोपते कशी. दोघी एकदम बोलल्या, दोन वेगळी उत्तरं आली, आणि दोघीही थांबल्या. मग वेनजिंगनंच कालचा प्रकार सांगितला. काही लपवलं नाही, केस धुतल्याचंही नाही.

मियाओनं बाळाचं दुपटं सोडलं. मानेच्या घडीत आणि पाठीवर घामोळं उठलं होतं.

"उताणी झोपवायची," ती म्हणाली. "आजीबाईंचं बरोबर आहे. दुपारी, रात्री, घटकाभरही, दर वेळी उताणीच. पालथ्या पोराचं नाक गादीत जातं, आणि कुशीवर ठेवलं तर ते कलंडून पालथं होतं."

फंगचिननं सुनेकडे बघितलं नाही, पण तिची पाठ ताठ झाली.

"पण आजीबाई, उशी नको. मान पुढे वाकते, श्वासाची वाट दबते, आणि पोर घसरलं की तोंड उशीत. रजई नको, इथं इतकं गरम आहे की मला कोट काढावासा वाटतोय. आणि हात असे बांधायचे नाहीत. काल ती पालथी होती, ते एक झालं. पण हात मोकळे असते तर निदान थोडी हलली असती, आवाज मोठा निघाला असता. बांधलेलं पोर पालथं, याहून वाईट काही नाही."

फंगचिनची पाठ पुन्हा वाकली. काल दिवसभर तिनं सुनेला मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं तिच्यासमोर उभं राहिलं. पालथं तिनं केलं, पण गाठ आपली होती. घट्ट, नीटनेटकी, चाळीस घरांत वाखाणलेली गाठ.

"आम्ही सगळे असेच वाढलो," ती हळूच म्हणाली.

"मीही तशीच वाढले," मियाओ म्हणाली. "माझं डोकं बघा ना. जी पोरं वाढली तीच सांगायला उरतात, आजीबाई."

बोलताना तिचा आवाज कडक नव्हता. मग तिनं बाकीचं सांगितलं. बाळाची जागा वेगळी, पण आईच्याच खोलीत. सपाट, टणक गादी, वर ताणून बसवलेली चादर, बाकी काही नाही. डोक्याच्या आकाराची काळजी असेल तर झोपवताना एकदा तोंड उजवीकडे, एकदा डावीकडे करायचं. आणि बाळ जागं असेल, शेजारी कुणी बसलं असेल, तेव्हा जरा वेळ पोटावर ठेवायचं, त्यानं मानही घट्ट होते. तिनं तिथल्या तिथं करून दाखवलं. तांगतांगनं डोकं दोन बोटं उचललं, आजीकडे रागानं बघितलं आणि पुन्हा टेकवलं. वेनजिंगला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

मियाओ गेल्यावर फंगचिन स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, जी घासून झालेली होती. थोड्या वेळानं वेनजिंग आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"आई, पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही आला नसता तर..."

"पुरे," फंगचिन म्हणाली. "उभी राहू नकोस, बस."

वेनजिंग स्टुलावर बसली. आणि फंगचिननं, पाठ तिच्याकडे ठेवूनच, तिला सासूच्या पहिल्या मुलीची गोष्ट सांगितली. एका ओळीत झोपलेली माणसं, सकाळ, बैलगाडीत आलेला पाळणा. ही गोष्ट तिनं देशानलाही कधी सांगितली नव्हती, त्याला ठाऊक होती की नाही तेही तिला माहीत नव्हतं.

"पाळणा डोकं चपटं करायला नव्हताच," ती शेवटी म्हणाली. "पोर वाचावं म्हणून होता. डोक्याचं नंतर आलं. आणि आम्ही नंतरचंच धरून बसलो."

वेनजिंग उठली आणि सासूच्या हातातली परात काढून घेतली. मग फंगचिननं लाल उशी आणली, कात्रीनं एका कडेची शिवण उसवली आणि राळा पातेल्यात ओतला. नवा, स्वच्छ, स्वतः परतलेला होता, टाकायचा कशाला? काळा गूळ घालून तिनं पेज केली, वर दोन अंडी सोडली.

छुनयांग कामावरून आला तेव्हा दोघी एका टेबलावर जेवत होत्या. त्यानं सावधपणे विचारलं की आज काय आहे.

"उशी," वेनजिंग म्हणाली. "बस, तुलाही वाढते."

बॉयलरवरच्या एका सोबत्याचा मुलगा मोठा झाला होता, त्याची कठड्याची लाकडी खाट छुनयांगनं त्याच आठवड्यात आणली. फंगचिननं गादीवर मूठ आपटून बघितली, मूठ रुतेना तेव्हा तिचं समाधान झालं. छुनयांगनं नळीची कळ फिरवून खोलीतली धग कमी केली. देशान गावाहून नात बघायला आला तो कापडी वाघ घेऊन. मोठा, गुबगुबीत, पोरीच्या दुप्पट. त्यानं तो कौतुकानं खाटेत ठेवला.

"त्याला बाहेर झोपव," फंगचिन म्हणाली.

"अगं, वाघ आहे. राखण करील."

"राखण दारातून करतात. काढ."

देशाननं वाघ उचलून कपाटावर ठेवला. मग खाटेत वाकून त्यानं बराच वेळ नातीकडे बघितलं. बाळ मधोमध उताणं, दोन्ही हात डोक्याच्या वर टाकलेले, कुणीतरी बंदूक रोखल्यासारखे. सगळी खाट रिकामी. "गरिबाघरचं पोर दिसतंय," तो म्हणाला. फंगचिनलाही आतून तसंच वाटत होतं. पहिले काही दिवस ती रिकामी खाट तिच्या डोळ्यांना खुपायची. काहीतरी द्यायला हवं पोराला, एखादं पांघरूण, एखादी फीत, असं हाताला वाटत राही. हात रिकामे राहू नयेत म्हणून तिनं शिवायला घेतलं. पातळ सुती कापडाची बिनबाह्यांची पिशवीवजा बंडी, गळ्याला बेताची, पायांशी बंद आणि ऐसपैस. बाळाच्या अंगातच राहायची, तोंडावर यायचा प्रश्न नाही. पहिलीचा गळा मोठा झाला, ती उसवली. दुसरी बसली.

महिन्यासाठी आलेली फंगचिन बर्फ वितळेपर्यंत राहिली. तांगतांगला खिडकीच्या उजेडाकडे बघायची सवय होती, त्यामुळे डोकं एका बाजूला किंचित बसकं होऊ लागलं. मग सासू-सुनेनं मिळून खाटेत तिचं डोक्याकडचं पायाकडे केलं, म्हणजे खिडकी दुसऱ्या बाजूला येईल. शेवटी डोकं ना फळी झालं ना चेंडू. कुणाच्याही डोक्यासारखं झालं. वेनजिंगनं एकदा आईच्या आणि सासूच्या देखत त्यावरून तळहात फिरवला आणि कुणीच काही बोललं नाही.

गावी परतल्यावर फंगचिनकडे आधीसारखीच बातमी येत राहिली, अमक्याच्या सुनेला दिवस गेलेत, उशी कधी देतेस? तिनं उशा बंद केल्या. सांगायला गेली की बायका हसत. फू घराण्यातली म्हातारी तर भर बाजारात म्हणाली की शहरात जाऊन फंगचिनचं डोकं फिरलं, आता हिच्या नादानं गावात भोपळ्यासारख्या डोक्याची पोरं फिरणार. काही घरांनी उशा दुसरीकडून शिवून घेतल्या. फंगचिनला ते लागलं, पण ती टोफू विकत राहिली, आणि जी विचारेल तिला सांगत राहिली: उताणी, उशीशिवाय, मोकळी, एकटी पण आईच्या हाताशी. हवी असेल तर बंडी शिवून देते.

बंड्या आधी कुणी नेईना. मग टोफूच्या पेटीशेजारी टांगलेली एक बंडी एका तरुण पोरीनं नेली, कारण तिला तिचा रंग आवडला. तिच्या बहिणीनं दुसरी नेली. दोनेक वर्षांनी फू म्हातारीची नातसून आली, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत. आजेसासूनं पाठवलंय म्हणाली. आजेसासूनं असंही सांगितलं होतं म्हणे, की आपलं नाव घेऊ नकोस.

फंगचिननं तिला बसवलं, गरम पाणी दिलं आणि माप घेण्यासाठी दोरा काढला. मग तिच्या लक्षात आलं की माप घ्यायला अजून कुणी जन्मलंच नाहीये. दोघी हसल्या. "अंदाजानं करते," फंगचिन म्हणाली, "जरा ढिलीच ठेवते."